'तुंबाड'वर खेळ रचला आणि तो चाळीस मिनिटांत आटोपला. काय चुकलं?

फाशांचा_नाद (धागालेखक)

रसभंगाचा इशारा आधीच देतो. ज्यांनी २०१८चा 'तुंबाड' पाहिला नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

टेबलटॉप रोलप्लेइंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "समोर विहीर आहे, आत दोर सोडलाय." बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. १९७४ साली आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला आद्य. आमचा कट्टा पुण्यात एक शनिवार सोडून बसतो, सूत्रधार बहुतेक वेळा मीच.

तर मी सिनेमाचे तीन भाग जसेच्या तसे घेतले. १९१८, १९३३, १९४७. बावीस पानं लिहिली. आजीचा प्रसंग, वाडा, पाऊस, देवीचा गर्भ, कणकेची बाहुली, सगळं. (आठवण म्हणून: हस्तर हा देवीचा शापित, भुकेला मुलगा. तो विहिरीच्या तळाशी, देवीच्या गर्भात असतो आणि सोन्याची नाणी त्याच्या लंगोटात. तो बाहुली खातो तेवढ्यात नाणी वेचायची, पिठाच्या रिंगणात तो येत नाही.) खेळायला चौघे होते. पहिला घोळ तिथेच झाला, कारण सिनेमाचा नायक विनायक एकच. एकाला विनायक केलं, बाकीच्यांना भाऊ, सावकार आणि घरचा गडी. विनायक बोलतोय आणि तिघे मोबाईल बघतायत.

दुसरा घोळ विहिरीत. मी आवाज बारीक करून वर्णन करतोय, दिवे मंद केलेत, आणि एक जण म्हणतो, "एकेक नाणं कशाला वेचायचं? लंगोटच ओढू. आणि बाहुली एकच न्या रे, जास्त नेल्या की तितकेच हस्तर येतात." सगळ्यांनी सिनेमा पाहिलेला! पिठाचं रिंगण आखलं, बाहुली फेकली, वीस बाजूंच्या फाशावर नेमके वीस पडले, लंगोट हातात. चाळीस मिनिटं. नंतर आम्ही वडापाव खाल्ले.

सिनेमाचं कथानक खेळात आणायचं तर कसं आणायचं? की आणूच नये?

---

निवांत_खोत

वाचनखूण साठवली. लंगोट ओढणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

---

सारीपाट

तुम्ही कथानक आणलंत, म्हणून फसलं. कथानक म्हणजे कुणीतरी आधीच घेतलेले निर्णय. विनायकाने मित्राला फसवलं, पोराला विहिरीत नेलं, शेवटी पोराने लंगोट नाकारला. हे सगळे निर्णय घेऊन झालेत. तुमच्या खेळाडूंना करायला शिल्लक काय राहिलं? एक तर तेच पुन्हा करायचं, नाहीतर शहाणपणाने टाळायचं. त्यांनी टाळलं. त्यांचं काहीच चुकलं नाही.

सिनेमातून उचलायचा तो नियम. 'तुंबाड'चा नियम फार देखणा आहे: सोनं भरपूर आहे, ते ज्याच्याकडे आहे तो भुकेला आहे, आणि त्याचं खाणं संपेपर्यंतच तुमचा वेळ आहे. बस. यात विनायक नाही, १९१८ नाही, आजीसुद्धा नाही. हा नियम टेबलावर ठेवा आणि निर्णय खेळाडूंना घेऊ द्या.

आणि तो वीस बाजूंचा फासा त्या रात्रीपुरता कपाटात ठेवा. लोभ ही एका फेकीत ठरणारी गोष्ट नाही. "अजून एक घेऊ का?" हा प्रश्न दहा वेळा विचारला गेला पाहिजे.

---

बे_एरियातली_बाय

सारीपाट यांच्याशी सहमत. आम्ही इकडे दर दिवाळीला मराठी मंडळी 'ड्रेड' खेळतो. २००५चा खेळ आहे. त्यात फासेच नाहीत, मधोमध जेंगाचा मनोरा. काही धोक्याचं करायचं असेल तर एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र संपलं. एका नाण्याला एक ठोकळा असं केलंत तर वेगळा नियम लिहायचीच गरज नाही. हात खरंच थरथरतात.

त्यातली दुसरी गंमत म्हणजे पात्राला गुण, ताकद वगैरे आकडे नसतात. सूत्रधार प्रश्नावली देतो आणि प्रश्नातच खोच असते. "तुझ्या भावाला सोन्याबद्दल तू काय खोटं सांगितलंस?" खोटं सांगितलं का, असं विचारायचंच नाही. ते सांगितलेलंच आहे, फक्त काय ते लिही. चौघांना असे सहा सहा प्रश्न दिलेत तर कुणी मोबाईल बघणार नाही.

---

फाशांचा_नाद

जेंगा भारी आहे, पण मनोरा पडला की एक जण बाहेर आणि बाकीचे पुन्हा रचत बसतात. मला खाली विहिरीत एक जण आणि वर दोर धरून बाकीचे, असं हवंय. वरच्यांना काय काम द्यायचं?

---

सारीपाट

तेच तर खरं काम आहे! सिनेमात बहुतेक वेळा विनायक एकटा उतरतो, एकटाच चढतो. टेबलावर पाच जण आहेत ही अडचण समजू नका. दोर कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न सिनेमाला विचारताच येत नव्हता, तुम्हाला येतो.

मी असं करेन. कापडी पिशवीत ३० चिंचोके. त्यातले २४ साधे, म्हणजे मोहरा. ६ काळ्या रंगाने रंगवलेले. खाली उतरलेला खेळाडू न बघता हात घालतो आणि हवे तितके काढतो, काढलेले परत टाकायचे नाहीत. काळा निघाला की हस्तरने बाहुलीचा एक घास खाल्ला. तिसऱ्या काळ्याला बाहुली संपली, तो वळला. त्याआधी "ओढा!" म्हणायचं.

आता वरचे. "ओढा" ऐकलं की प्रत्येकाने टेबलाखाली मूठ करायची आणि एकदम वर आणायची. उघडा हात म्हणजे ओढतोय. बंद मूठ म्हणजे थांबतोय. निम्म्याहून जास्त हात उघडे असतील तरच दोर वर येतो. खालच्याने आधी मोहरा वर पाठवल्या असतील, तर त्या वरच्यांच्या झाल्या. मग बघा मुठी.

---

गणिती_भाऊ

कागद पेन्सिल घेऊन बसलो. एका दमात ३ काढले तर एकही काळा न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. ५ काढले तर ३० टक्क्यांच्या आसपास. १५ काढेपर्यंत सरासरी तीन काळे येतात, म्हणजे शहाणा माणूस आठदहावर थांबेल. बारा मोहरा घेऊन वर आलेला माणूस नशीबवान म्हणायचा. प्रमाण छान जमलंय, बदलू नका.

एक पळवाट मात्र बुजवा. एकेकच काढत राहिलं तर खेळाडू प्रत्येक काळ्यानंतर शांतपणे विचार करतो, भीती राहत नाही. वरच्यांपैकी एकाने मोठ्याने वीसपर्यंत मोजावं, तेवढ्यातच काय ते काढायचं.

---

पाटा_वरवंटा

अवांतर विचारते, रागावू नका. कोकणात १९१८ साली कणकेची बाहुली? आमच्या आजोळी गहू सणासुदीला दिसायचा. भात आणि नाचणी, हेच धान्य. बाहुली तांदळाच्या पिठाची हवी, आणि तांदळाचं पीठ नुसतं भिजवून तिला हातपाय येत नाहीत, फुटतात. उकड काढावी लागते, मोदकाला काढतो तशी, आणि ती गरम असतानाच मळावी लागते. गार झाली की चिरा पडल्या.

---

निवांत_खोत

विनायक पुण्याला राहायचा ना पुढे? पीठ तिकडून आणलं असेल.

---

पाटा_वरवंटा

आणू दे की. पण मग पावसात घाट उतरून आलेलं पीठ जाळं धरणार नाही का?

---

सारीपाट

ताई, याला अवांतर म्हणू नका, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे. बाहुली गरम असतानाच करावी लागते, म्हणजे चूल वाड्यातच पेटवावी लागणार. म्हणजे कुणीतरी आजीच्या शेजारच्या खोलीत बसून उकड काढतंय. आणि चिरा पडलेली बाहुली नेली तर तीन घासांऐवजी दोनच. सूत्रधाराला याहून जास्त काय हवं?

---

कथुलूचा_कारकून

मी 'कॉल ऑफ कथुलू'वाला. १९८१पासूनचा भयखेळ आहे, शेकडेवारीवर चालतो आणि पात्राचं भान हळूहळू सुटत जातं. 'तुंबाड'ला तोच साचा बसतो असं मला वाटायचं. पण एक सावधगिरी. त्या विश्वात हास्टर नावाचं एक दैवत आधीपासून आहे. नाव अँब्रोस बिअर्सच्या एका कथेतलं, तिथे तो मेंढपाळांचा देव होता. पुढे रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५च्या 'द किंग इन यलो' (पिवळ्या झग्यातला राजा) या पुस्तकात ते नाव आलं, मग इतरांनी उचललं. जुने खेळाडू 'हस्तर' ऐकताच पिवळा झगा शोधायला लागतात. माझ्या टेबलावर हे झालंय, अर्धा तास फुकट गेला. नाव बदला. नाहीतर नावच घेऊ नका, "तो" म्हणा. आपल्याकडे रात्री सापाचं नावसुद्धा घेत नाहीत.

भानाच्या नियमाबद्दल माझं मत अलीकडे बदललंय. 'तुंबाड'मध्ये कुणालाच वेड लागत नाही. सगळे पूर्ण शुद्धीवर राहून ते करतात, अंगावर काटा येतो तो त्यामुळे. भान घसरवायचे गुण ठेवलेत तर खेळाडूला सबब मिळते, "मी कुठे, माझं भान गेलं होतं." ती सबब देऊ नका.

---

बे_एरियातली_बाय

हे शेवटचं पटलं.

---

चिंगळी

तुम्ही सगळे खोतांच्या बाजूनेच का खेळताय?

म्हणजे असं, वाड्यात सोनं आहे, वाडा सरकारांचा, म्हणजे गावच्या मालकांचा, विनायक त्यांच्याच रक्ताचा. गावात बाकी कुणी राहत नव्हतं का? भात पिकवत कोण होतं? कोकणातली खोती म्हणजे खोत सारा गोळा करणार आणि कुळं पिकाचा मोठा वाटा देणार, वर वेठ. सिनेमाचा दुसरा भाग १९३३चा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. पेरायचंच नाही, शेतं पडीक. पंचवीस गावं होती आणि संप १९३९पर्यंत चालला. सहा वर्षं! लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले.

आता हस्तरची गोष्ट पुन्हा आठवा. सोनं मिळालं, पण धान्याचा शाप. मी हा सिनेमा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात चरीच आली होती. पात्रं कुळांची द्या. घरात दाणा नाही, मूठभर पीठ आहे. ते पोरांना घालायचं की त्याची बाहुली करायची? तुमच्या लंगोट ओढणाऱ्या मित्राला हा प्रश्न विचारा. सिनेमा पाहिला असून त्याचा काही उपयोग होणार नाही.

---

सारीपाट

उठून उभा राहिलोय.

---

निवांत_खोत

सभासदनाम बदलावं की काय असं वाटायला लागलंय. पण एक शंका. चरी कुलाबा जिल्ह्यात, तुंबाड गाव खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी, तो रत्नागिरी जिल्हा. सांगड कशी घालणार?

---

चिंगळी

घालायची कशाला? गावाचं नावच घेऊ नका. चरीच्या संपाची बातमी ऐकून आमच्याकडेही कुळं अडून बसली, एवढं पुरे. खोती रत्नागिरीतही होती. १९३७ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते उगाच नाही.

---

जुना_नकाशा

प्रवासाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सिनेमात सतत पाऊस आहे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याच्या आगबोटी बंद असायच्या, तेव्हा मुंबईहून बोटीने दाभोळ आणि तिथून खाडीने आत, हा मार्ग तुम्हाला मिळणार नाही. पुण्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, मग खेडकडे. एसटी १९४८ची, ती विसरा. सर्व्हिस मोटार मिळाली तर मिळाली, नाहीतर बैलगाडी आणि पाय. घाटात दरड कोसळली की दोन दिवस अडकलात. सोनं घेऊन परत जाणाऱ्यांना अडकवायला छान जागा आहे, मागून कोण येतंय तेही कळत नाही.

---

टिवल्याबावल्या

१९४७च्या भागात रामदास बोट घाला! १७ जुलै, गटारी अमावस्या, मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सोनं घेऊन बोटीत बसलेले खेळाडू... क्लायमॅक्स तयार.

---

जुना_नकाशा

नको. सहाशेच्या वर माणसं गेली त्यात आणि त्यांची घरं अजून त्याच गावांत आहेत. माझ्या आजीच्या शेजारच्या घरातले दोघे होते. भुताच्या सोन्यासाठी ती बोट पुन्हा बुडवायची नाही.

---

टिवल्याबावल्या

बरोबर आहे. मागे घेतो, माफी.

---

बे_एरियातली_बाय

यावरून आठवलं. खेळ सुरू करण्याआधी नकोशा गोष्टी विचारून घ्या. विधवांचे हाल, लहान मुलं, जातीवरून बोलणं, या कथेत हे सगळं शेजारीच आहे. आम्ही टेबलावर एक फुलीचं कार्ड ठेवतो. जॉन स्टॅव्ह्रोपोलसची कल्पना, बऱ्याच टेबलांवर वापरतात. कुणी कार्डाला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे एकदा गळती आणि ओल्या भिंतीच्या वर्णनावर बोट लागलं होतं. कुणी विचारलं नाही, आम्ही वाडा कोरडा केला आणि पुढे गेलो.

---

फाशांचा_नाद

दोन आठवडे गप्प होतो, कारण पुन्हा लिहीत होतो. बावीस पानांची तीन झाली. काल खेळलो. वृत्तांत देतो.

पाच खेळाडू. चौघे कुळं, एक खोतांचा कारकून. सिनेमाचं नाव घेतलंच नाही. वर्ष १९३३, आश्विन सरत आलेला, परतीचा पाऊस. सूत्रधार म्हणून मी फक्त तीन गोष्टी सांगितल्या: शेतं पडीक आहेत, वाड्यातली म्हातारी मरत नाही, आणि कारकुनाला विहीर ठाऊक आहे. प्रश्नावली बाय यांच्या धर्तीवर. "संप फोडायला खोताने तुला काय देऊ केलं आणि ते तू घरी का सांगितलं नाहीस?" हा प्रश्न चारही कुळांना दिला. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच दिलाय.

अर्थात दहा मिनिटांत त्यांनी ओळखलं. "अरे, हा तर तुंबाड!" मी म्हटलं, हो. लंगोटवाला खुशीत आला. मग मी त्याच्यासमोर खरी वाटी ठेवली, तांदळाच्या पिठाची, आणि म्हटलं, घरात एवढंच आहे, बायको आणि दोन मुलं. तो वाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "कारकुनाच्या घरी पीठ असेल." तिथून पुढचे दीड तास विहीर कुठेच नव्हती! कारकुनाच्या घरी चोरी, पकडले जाणं, संपाच्या पंचांसमोर हजेरी. कारकून झालेली मैत्रीण इतकी रंगली की तिने स्वतःहून पीठ देऊ केलं, अट एकच, उतरायचं लंगोटवाल्याने.

तो उतरला. चिंचोके सात काढले, एक काळा. पुन्हा पाच, एक काळा. दहा मोहरा झाल्या. मोजणारी "अठरा, एकोणीस" म्हणतेय. "ओढा!" चार मुठी वर आल्या. दोन उघड्या, दोन बंद.

नियम होता निम्म्याहून जास्त. बरोब्बर निम्म्याला काय करायचं ते आपण कुणीच लिहिलं नव्हतं, मंडळी. सगळे माझ्याकडे बघतायत. मी सुचेल ते केलं, म्हटलं दोर अर्ध्यावर थांबलाय, त्याने पाच मोहरा खाली टाकल्या तर पुन्हा मुठी. त्याने टाकल्या नाहीत. सहा बाजूंचा फासा दिला, चारच्या वर हवं होतं, दोन पडले.

बंद मुठींपैकी एक त्याच्या सख्ख्या भावाची होती. खेळातल्या सख्ख्या भावाची. खरा तो त्याचा ऑफिसातला मित्र आहे, गाडीत परत जाताना दोघे फारसं बोलले नाहीत म्हणे. सकाळी ग्रुपवर दोघांचेही हसरे चेहरे आले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

न जमलेलं: संपाच्या पंचांचा प्रसंग मी लांबवला. वाड्यातल्या म्हातारीला तर कुणी भेटायलाच गेलं नाही, एक अख्खं पान वाया. आणि पिठाचं रिंगण आखायला मी खरं पीठ दिलं ही चूक. टेबल पुसता पुसता आई काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

---

गणिती_भाऊ

वर चार असतील तर हात नेहमी सम, कधी ना कधी बरोबरी होणारच. माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक मूठ सूत्रधाराची ठेवा, हस्तरची म्हणून.

---

सारीपाट

नको, बरोबरीच राहू द्या. अर्ध्यावर थांबलेला दोर मला फार आवडला. मात्र मोहरा टाकल्यावर बाकी चिंचोके किती, ते त्याला सांगायचं नाही.

---

चिंगळी

संपाचं काय झालं शेवटी? फुटला?

---

फाशांचा_नाद

नाही फुटला. कारकुनाने नोकरी सोडली. दहा मोहरा विहिरीतच आहेत.

१९४७चा भाग गणपतीनंतर. मुंबईत १९४३पासून रेशनिंग होतं आणि १९४७लाही चालू होतं, तेव्हा या वेळी पीठ कार्डावर. पाच खेळाडू, पाच कार्डं, माणशी किती ते मी ठरवेन. जास्त बाहुल्या न्यायच्या असतील तर आधी पाच घरांची कार्डं गोळा करा म्हणावं.

---

पाटा_वरवंटा

तारीख कळवा. उकड मी काढून आणते, तुमच्या आईला त्रास नको. बाहुली मात्र तिथे गरम गरम तुम्हीच वळायची.